लहान होडीचे इंजिन पेट्रोल किती घेते आणि का

बडोद्यात एरवी मोटर लावलेल्या होडीचा विचार फारसा कोणी करत नाही. पण ३१ जुलै २०१९ रोजी एकाच दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा, आणि नंतर ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले तेव्हा, जरोदच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या सहाव्या बटालियनसारख्या पथकांच्या होड्या हाच अनेक घरांचा बाहेरच्या जगाशी उरलेला दुवा होता. अशा होडीच्या मागच्या फळीला जे इंजिन अडकवलेले असते त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. इंजिन, गिअर आणि पाण्यात फिरणारा पंखा असा सगळा संच एकाच खांबावर बसवलेला असतो आणि तो उचलून दुसऱ्या होडीला लावता येतो. १९०९ मध्ये अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी अशी मोटर व्यापारी स्वरूपात विकायला आणली, आणि तिची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. या मोटरीला इंधन किती लागते, हा प्रश्न पूरग्रस्त भागातील स्वयंसेवकापासून नर्मदाकाठच्या चांदोदच्या नावाड्यापर्यंत सर्वांना पडतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा इंजिनाच्या नावावरून दिले जाते. प्रत्यक्षात इंजिनापेक्षा होडीची लांबी, तिच्यातले वजन आणि ती ज्या वेगाने चालवली जाते तो वेग यांवरच खर्चाचा मोठा भाग ठरतो. हा लेख मुख्यतः एवढेच समजावून सांगण्यासाठी आहे.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. टाकी किती तास पुरेल हा एक प्रश्न, आणि त्या टाकीत किती किलोमीटर जाता येईल हा दुसरा. मोटारीच्या बाबतीत आपण दुसराच प्रश्न विचारतो आणि त्याला ॲव्हरेज म्हणतो. होडीच्या बाबतीत लोक बहुधा पहिलाच प्रश्न विचारतात, कारण पाण्यावर मैलाचे दगड नसतात. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, मात्र एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

तासाचा हिशोब सोपा आहे. सुस्थितीतले चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे वेगाची मूठ पूर्ण फिरवून, दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण ०.३२ ते ०.४ लिटर पेट्रोल घेते. म्हणजे १० अश्वशक्तीच्या मोटरीला ताशी साडेतीन लिटरांच्या आसपास, आणि ४० अश्वशक्तीच्या मोटरीला चौदा-पंधरा लिटर. जुन्या पद्धतीची कार्ब्युरेटर असलेली दोन-स्ट्रोक मोटर याच्या सव्वा ते दीडपट घेते. होडीत ठेवायची सुटी टाकी बहुधा २४ किंवा २५ लिटरची असते. ती ४० अश्वशक्तीच्या चार-स्ट्रोक मोटरीला पूर्ण वेगात पावणेदोन तासही पुरत नाही, आणि जुन्या दोन-स्ट्रोकला सव्वा तासाच्या आसपासच पुरते. बचावकार्यात इंधन घेऊन येणारी दुसरी होडी का लागते, हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

मात्र इंजिनावर लिहिलेली अश्वशक्ती ही त्याची कमाल क्षमता असते. इंजिन त्या क्षणी प्रत्यक्षात जेवढी शक्ती देत असते, इंधन जवळपास त्या प्रमाणात जळते. ४० अश्वशक्तीची मोटर सावकाश चालवून तिच्याकडून चारच अश्वशक्तीचे काम घेतले, तर ती ताशी पंधरा लिटर घेणार नाही, दोन लिटरांच्या आसपास घेईल. छोटी मोटर तेच काम थोड्या कमी इंधनात करील, कारण मोठे इंजिन हलक्या ओझ्यावर आपल्या अंतर्गत घर्षणातच बरीच ऊर्जा घालवते. पण हा फरक लोक समजतात तेवढा मोठा नसतो. त्यामुळे केवळ पेट्रोल वाचावे म्हणून गरजेपेक्षा लहान मोटर घेण्याचा सल्ला मी देणार नाही. त्यातून होणारे नुकसान पुढे येईलच.

होडी मोटारीपेक्षा इतकी खर्चिक का, याचे कारण पाण्यात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे, आणि होडीला प्रत्येक मीटर पुढे जाताना ते बाजूला सारावे लागते. शिवाय चाक रस्त्याला पकडून ढकलते तसे पंख्याला पाणी पकडता येत नाही. तो पाणी मागे फेकतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने होडी पुढे जाते. पेट्रोलमधील ऊर्जेपैकी चांगल्या परिस्थितीतही पाव भागाच्या किंचित वर, म्हणजे २८ टक्क्यांच्या आसपास, ऊर्जा इंजिनाच्या दांड्यापर्यंत पोहोचते. त्यातली जवळपास निम्मी पंख्याभोवतीचे पाणी घुसळण्यात जाते. एका लिटरमधला जेमतेम सहावा-सातवा भाग होडीला पुढे ढकलतो.

आता मुख्य मुद्दा. होडी चालू लागली की तिच्या पुढच्या टोकाशी पाण्याचा उंचवटा तयार होतो आणि मागे लाटांची रांग उमटते. या लाटांची लांबी होडीच्या वेगावर अवलंबून असते. वेग वाढला की एका उंचवट्यापासून दुसऱ्या उंचवट्यापर्यंतचे अंतर वाढत जाते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात पाण्याच्या लांब हौदात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून या लाटांचा अभ्यास केला, आणि आजही नौकाबांधणीत वेग व लांबी यांचे नाते त्याच्याच नावाच्या अंकाने मांडले जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्याला टेकलेल्या लांबीइतकी झाली की एक उंचवटा पुढच्या टोकाखाली आणि दुसरा मागच्या टोकाखाली येतो. याच्यापुढे वेग वाढवू गेल्यास मागचा उंचवटा होडीच्या मागे निसटतो, होडीचा मागचा भाग दोन उंचवट्यांमधल्या खळग्यात बसतो, पुढचे टोक वर उचलले जाते, आणि होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. हा चढ कधीच संपत नाही, कारण लाट होडीबरोबरच पुढे सरकत असते.

हा वेग काढण्याचे सूत्र कोणालाही वापरता येईल. पाण्याला टेकलेली लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.५ ने गुणावे. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये मिळते. ४ मीटर लांबीच्या होडीसाठी ते ताशी ९ किलोमीटर येते, ६ मीटरच्या होडीसाठी ११. या मर्यादेच्या बरेच खाली असताना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. तेच अंतर कापायला वेळ दुप्पट लागत असला, तरी दर किलोमीटरची ऊर्जा चौथाईवर येते. इंजिन नुसते फिरत ठेवण्याचा खर्च त्यात मिळवावा लागत असल्यामुळे प्रत्यक्ष बचत इतकी होत नाही, पण ती मोठीच असते. मर्यादेच्या जवळ आल्यावर मात्र शक्तीची मागणी घनापेक्षाही भरभर वाढते. ४ मीटरची होडी ताशी ७ वरून ९ किलोमीटरवर नेताना थ्रॉटल किती उघडावा लागतो, हे चालवणाऱ्याच्या हाताला जाणवते.

तळ सपाट असलेल्या, हलक्या आणि पुरेशी शक्ती मिळालेल्या होडीला या चढातून सुटण्याचा एक मार्ग असतो. पाण्याचा तळावरचा दाब तिला वर उचलतो, ती आपल्या लाटेवरून पुढे सरकून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरू लागते, आणि भिजलेला भाग कमी झाल्यामुळे प्रतिकार वाढण्याची गती मंदावते. इंग्रजीतून आलेल्या शब्दात याला होडी प्लेनवर आली असे म्हणतात. रबरी बचाव-होड्या आणि ॲल्युमिनियमच्या सपाट होड्या असे करू शकतात. चांदोदच्या जड लाकडी नावा करू शकत नाहीत, आणि त्यांना त्यासाठी मोठी मोटर लावणे म्हणजे पेट्रोलचे पैसे लाटा उठवण्यात घालणे होय.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेले आहेत, पण ते वास्तवाला धरून आहेत. होडी ४ मीटरची, हलकी, सपाट तळाची. मोटर १० अश्वशक्तीची, चार-स्ट्रोक. दोन माणसे बसून ताशी ७ किलोमीटरने गेली तर मोटर ताशी ०.८ लिटर घेईल, म्हणजे लिटरला पावणेनऊ किलोमीटर. त्यांनी थ्रॉटल वाढवून वेग १२ वर नेला आणि तिथेच ठेवला, तर होडी चढावर अडकलेली असेल. खर्च ताशी २.२ लिटर, आणि लिटरला साडेपाच किलोमीटर. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर होडी पृष्ठभागावर येऊन ताशी २८ किलोमीटरने धावू लागेल. खर्च ताशी ३.५ लिटर, पण लिटरला ८ किलोमीटर. आता त्याच होडीत पाच माणसे बसवली. वजनामुळे होडी पृष्ठभागावर येऊच शकत नाही. पूर्ण थ्रॉटलवर ती ताशी १३ किलोमीटरवर रखडते, ताशी तेवढेच साडेतीन लिटर जाळते, आणि ॲव्हरेज पावणेचारच्या खाली येते. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तर दोन माणसांसह पूर्ण वेगात किलोमीटरला साडेबारा रुपये पडत होते, ते आता सुमारे २७ रुपये पडतात. मोटर तीच, होडी तीच.

या उदाहरणातून दिसते की सर्वांत महाग वेग हा मधला वेग आहे. पुढचे टोक आकाशाकडे, मागची फळी पाण्यात रुतलेली आणि मागे मोठी लाट, असे दृश्य दिसले की त्या क्षणी सर्वांत जास्त इंधन वाया जात आहे असे समजावे. यावर उपाय दोनच: एक तर ताशी ७ पर्यंत वेग खाली आणावा, किंवा होडी तेवढी सक्षम असेल तर पूर्णपणे पृष्ठभागावर आणावी आणि मग थ्रॉटल थोडा मागे घ्यावा. गरजेपेक्षा लहान मोटर घेण्यात तोटा होतो तो इथेच. ती होडीला चढाच्या वर कधीच नेऊ शकत नाही, आणि चालवणारा पूर्ण थ्रॉटल दाबून तिथेच झगडत राहतो.

होडीत किती माणसे बसवावीत हा मात्र इंधनाच्या आधी जिवाचा प्रश्न आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या, त्यानंतर बडोद्यात होडीतल्या वजनाबद्दल लिहिताना ही गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. होडीच्या बांधणीदाराने ठरवलेली मर्यादा आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट, या दोन गोष्टी खर्चाच्या कुठल्याही हिशोबात धरायच्या नसतात.

वजनाचा दुसरा पैलू म्हणजे ते कुठे ठेवले आहे. मोटर मागे असते, टाकी मागे असते, चालवणाराही मागेच बसतो. प्रवासीही मागे सरकले की होडीचा मागचा भाग रुततो आणि चढ अधिक तीव्र होतो. टाकी मधोमध ठेवणे आणि एका माणसाला पुढे बसवणे यांनी एकही पैसा न घालता फरक पडतो. तळात साचलेले पाणी काढून टाकावे, कारण दर लिटरमागे एक किलो वजन आपण विनाकारण वाहून नेत असतो, आणि ते पाणी नेमके मागेच धावते.

पंखा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मोटारीला चढ लागला की आपण गिअर खाली आणतो. आउटबोर्ड मोटरीला पुढे जाण्याचा एकच गिअर असतो, त्यामुळे तिचा गिअर म्हणजे पंख्याच्या पात्यांचा पीळच, ज्याला पिच म्हणतात. पिच म्हणजे पाणी घट्ट असते तर पंखा एका फेऱ्यात जेवढे अंतर पुढे गेला असता ते अंतर. समजा पिच ९ इंच आहे, इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेते आणि गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २,५०० फेरे घेतो. ९ इंच म्हणजे ०.२२८६ मीटर, त्यावरून वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर यायला हवा. मोबाइलवरच्या जीपीएसने मोजलेला वेग २७ असेल, तर पाचवा हिस्सा पाणी निसटण्यात गेला. हलक्या, वेगवान होडीला एवढे निसटणे स्वाभाविक आहे. जड आणि सावकाश नावेत ते ४० टक्क्यांवरही जाते.

योग्य पंखा कोणता, हे ठरवण्याची कसोटी उत्पादकाने माहितीपुस्तिकेतच दिलेली असते: पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे कोणत्या मर्यादेत यायला हवेत, उदाहरणार्थ ५,००० ते ६,०००. नेहमीचे वजन भरून फेरे या मर्यादेच्या खालीच राहत असतील तर पिच जास्त आहे. इंजिन ओझ्याखाली दबून चालते, आतमध्ये काजळी धरते, आणि चालवणाऱ्याला वाटते की मोटरच कमकुवत आहे. पिच एका इंचाने कमी केले तर फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. जिथे नेहमी जड वजन न्यायचे असते तिथे मोठी मोटर घेण्याच्या आधी कमी पिचचा पंखा लावून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. तो मोटरीच्या मानाने फार स्वस्त असतो. पात्याची कड दगडाला लागून दुमडलेली असेल तर तीही दुरुस्त करून घ्यावी. नदीच्या उथळ पात्रात हे सतत होते, आणि दिसायला किरकोळ असले तरी पाण्याचा प्रवाह फाटतो.

दोन-स्ट्रोक आणि चार-स्ट्रोक यांतला फरक मुख्यतः एका गोष्टीत आहे. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते तेव्हा धूर बाहेर जाण्याचे दारही उघडेच असते. त्यामुळे त्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निघून जातो. जुन्या मोटरींत हे प्रमाण पाव हिश्श्याच्या वरही असते, आणि सावकाश चालवताना ते अधिक वाईट होते. म्हणून वेग कमी करून होणारी बचत जुन्या दोन-स्ट्रोकमध्ये चार-स्ट्रोकइतकी दिसत नाही. धूर बहुतेक मोटरींत पाण्याखालीच सोडला जातो, म्हणजे न जळलेले पेट्रोल आणि त्यात मिसळलेले तेल थेट पाण्यात जाते. बडोद्याचे पिण्याचे पाणी महीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून (वाळूतून झिरपलेले पाणी गोळा करणाऱ्या खोल विहिरी) आणि आजव्याच्या तलावातून येते, हे ध्यानात घेतले तर या फरकाकडे केवळ खिशाच्या दृष्टीने पाहता येणार नाही. दोन-स्ट्रोक हलकी, साधी आणि कुठेही दुरुस्त होणारी असते, म्हणून ती अजून टिकून आहे. ज्याच्याकडे ती आहे त्याने निदान तेलाचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. ५० ला १ असे लिहिले असेल तर लिटरला २० मिलिलिटर, अंदाजाने नव्हे.

मोटर बसवण्याची उंचीही तपासावी. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली असावी. त्याहून खाली असली तर मोटरीचा खांबच पाण्यात ओढला जातो, आणि वर असली तर वळताना पंखा हवा ओढून नुसता फिरतो. तळाला शेवाळ धरले असेल तर तो घासून घ्यावा. पातळ बुळबुळीत थरही वेग कमी करतो.

पेट्रोलबद्दल एक सांगायला हवे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असल्यामुळे अशा मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते, आणि खर्च तेवढा वाढलेला दिसू शकतो. त्याहून मोठी अडचण अशी की इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि पाणी जास्त झाले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, जिथून इंजिनाची नळी इंधन ओढते. अनेक आउटबोर्ड मोटरी १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठीच बनवलेल्या असतात, तेव्हा आपल्या मोटरीची पुस्तिका पाहावी. पुढच्या पावसाळ्यासाठी म्हणून भरलेली टाकी वर्षभर ठेवू नये.

आपल्या होडीचा खरा खर्च मोजायला महागडे उपकरण लागत नाही. टाकी एका खुणेपर्यंत भरावी, ठरावीक थ्रॉटलवर एक अंतर जाऊन तेच अंतर परत यावे, अंतर मोबाइलवर नोंदवावे, आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती पेट्रोल लागले ते मापाने मोजावे. जाणे-येणे दोन्ही मोजल्याने वाऱ्याचा परिणाम बराचसा वजा होतो. तीन वेगवेगळ्या वेगांवर आणि दोन वेगवेगळ्या वजनांवर हे केले की त्या होडीचा स्वभाव कागदावर येतो. ही मोजणी संथ पाण्यात करावी, कारण वाहत्या पाण्यात जाणे-येणे एकमेकांना फेडत नाही.

हे न फेडणे नीट पाहण्यासारखे आहे. नदीचा प्रवाह ताशी ४ किलोमीटर आहे आणि होडी पाण्याच्या सापेक्ष ताशी ८ किलोमीटरने चालते असे धरू. प्रवाहाबरोबर ती काठाच्या सापेक्ष १२ ने जाते, उलट ४ ने येते. ६ किलोमीटर खाली जायला अर्धा तास लागतो आणि परत यायला दीड तास, एकूण दोन तास. संथ पाण्यात हेच दीड तासात झाले असते. जाताना एक-तृतीयांश, येताना एक-तृतीयांश आणि एक-तृतीयांश राखीव हा होडीवाल्यांचा जुना नियम इथे अपुरा पडतो, कारण परतीला तिप्पट इंधन लागते.

उलट प्रवाहात सावकाश जाण्याचा फायदाही एका मर्यादेपर्यंतच असतो. शक्ती वेगाच्या घनाने वाढते असे धरून गणित केले, तर काठाच्या सापेक्ष दर किलोमीटरला सर्वांत कमी ऊर्जा लागते ती होडीचा पाण्यातला वेग प्रवाहाच्या दीडपट असताना. वरच्या उदाहरणात तो ताशी ६ किलोमीटर येतो. ८ ने गेले तर ऊर्जा जेमतेम १८ टक्के जास्त लागते, पण काठावरचा वेग दुप्पट होतो. उलट ५ पर्यंत खाली आले तर होडी जवळजवळ जागीच राहते आणि दर किलोमीटरचा खर्च पुन्हा वाढतो. म्हणून मी तरी ७-८ चाच वेग पसंत करीन. नर्मदा परिक्रमा करणारे विमलेश्वरजवळून मिठीतलाईकडे समुद्रमार्गे जातात तेव्हा होड्या भरतीची वेळ पाहून सुटतात. खंभातच्या आखातातल्या जोरदार भरती-ओहोटीशी झगडण्याऐवजी पाण्याची दिशा पाहून निघणे, हा इंधनाच्या दृष्टीनेही योग्य निर्णय आहे.

पुराच्या पाण्यात प्रवाहाचा वेग आधी माहीत नसतो आणि तो तासातासाला बदलतो. तेव्हा निघण्यापूर्वी एक लाकडाचा तुकडा पाण्यात टाकून तो मिनिटाला किती मीटर वाहतो ते पाहावे, त्याला ०.०६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. शक्य तिथे आधी प्रवाहाच्या उलट जावे आणि परतीचा प्रवास प्रवाहाबरोबर ठेवावा. ते शक्य नसेल तर टाकीतल्या पेट्रोलचा चौथा भाग संपताच होडी परत फिरवावी, आणि राखीव पेट्रोल वेगळ्या, बंद डब्यात, खूण करून ठेवावे.